आधी काय काढायचं

माझ्याकडे येणारा माणूस दारातच सांगून टाकतो, "मी काहीच केलेलं नाही." कुणी डिस्क फ्रीजरमध्ये ठेवलेली असते, कुणी तांदळाच्या डब्यात पुरलेली असते, कुणी हुशार भाच्याकडून उघडून घेतलेली असते, पण केलेलं मात्र कुणीच काही नसतं. राजारामपुरीत सहाव्या गल्लीत एका जिन्याखालच्या खोलीत मी बंद पडलेल्या डिस्कमधून लोकांच्या फायली काढून देते. चौदा वर्षं झाली. माझं नाव रोहिणी मगदूम. तोंड फटकळ आहे असं लोक म्हणतात आणि ते खरं आहे.

पिराजी लोहार हा पहिला माणूस, ज्यानं चपला काढता काढता कबूल केलं. "ताई, माझ्या हातनंच घालवलंय."

दसरा होऊन दोन दिवस झाले होते. पन्नाशीचा, काटक माणूस. कसबा बावड्याला राहायचा आणि लग्नांचं शूटिंग करायचा. घरी कपाटाच्या मागं त्यानं चार डिस्कचं एक खोकं बसवलेलं होतं आणि बारा वर्षांत शूट केलेलं प्रत्येक लग्न त्यात ठेवलेलं होतं. लोकांना कॉपी दिली की बाकीचे फोटोग्राफर जागा मोकळी करतात. हा काहीच पुसायचा नाही. ते खोकं त्यानं टॉवेलात गुंडाळून आणलं होतं. मी टॉवेल सोडला आणि डिस्क एकेक करून बाहेर ओढल्या. चारही डिस्कवर हळदीकुंकवाची बोटं उमटलेली होती.

"हे काय?"

"खंडेनवमी न्हवं का."

खंडेनवमीला आमच्या कोल्हापुरात उद्यमनगरातल्या लेथला झेंडूचे हार असतात, एसटीच्या स्टिअरिंगला असतात, आणि माझ्या टेबलावरच्या पकडी-पान्यांनाही मी कुंकू लावते. जैनाच्या घरची असले तरी लावते. पण मी ते बंद हत्यारांना लावते.

"बाहेरनं खोक्याला लावायचं की."

"बाहेरनं लावून काय? काम तर ह्या चौघी करत्यात. आमच्या आबानं ऐरणीला कुंकू लावल्याबिगार हातोडा उचलला न्हाय कधी."

"काढायच्या आधी मशीन बंद केलं होतं?"

त्यानं टॉवेलाची घडी घातली. मग म्हणाला, "न्हाय. चालूच हुतं."

फिरती डिस्क ओढून काढायची, तिच्यावर फुलानं पाणी शिंपडायचं, आणि परत आत ढकलायची. मी कपाळाला हात लावला. आणि एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक होतं. अशा खोक्यात प्रत्येक फाइल तुकडे करून चौघींत वाटलेली असते. एक डिस्क गेली तरी उरलेल्या तिघींवरून तिचे तुकडे जुळवता येतात. दोन गेल्या की संपलं. पिराजीच्या खोक्यातली पहिली डिस्क उन्हाळ्यातच जळाली होती. लाल दिवा लागला होता, खोकं पिप-पिप करत होतं. लगीनसराई होती, म्हणून यानं आवाज बंद केला आणि पावसाळ्यात बघू म्हटलं. पावसाळा गेला, नवरात्र आलं, आणि पूजेच्या दिवशी तिसरी डिस्क त्याच्या हातात असताना तिच्या आतल्या वाचणाऱ्या हेडनं, म्हणजे सुईसारख्या टोकानं, फिरत्या तबकडीवर ओरखडा काढला. पूजेमुळे डिस्क मेलेली मी आजवर पाहिली नव्हती.

मी त्याला चांगलं झापलं. तो खाली मान घालून ऐकत राहिला, आणि त्यामुळे मला आणखी राग आला.

माझा एक नियम आहे. अशी घायाळ डिस्क आली की मी गिऱ्हाइकापुढे कोरा कागद ठेवते. आधी काय काढायचं, ते ओळीनं लिहून द्यायचं. कारण दुसऱ्या डिस्कचं हेड काढून हिला बसवलं तरी ते उसनं हेड. ओरखडलेल्या तबकडीवर ते वीस तास टिकेल की वीस मिनिटं, ते देवालाही सांगता येत नाही. जे पहिलं लिहाल ते बहुतेक मिळेल, खालचं मिळेल असं धरू नका. आणि कागदावरचा क्रम मी बदलत नाही. या कागदावरून नवरा-बायकोची भांडणं झालेली मी पाहिली आहेत. एका डॉक्टरांनी तर कागद घरी नेला आणि आठ दिवसांनी कोराच परत आणला.

पिराजीनं उभ्या उभ्या लिहिलं. सातशेच्या वर लग्नं त्या खोक्यात होती आणि त्यानं दोनच ओळी लिहिल्या. पहिली: गगनबावडा, संयोगिता, क्लिप सोळा ते वीस. दुसरी: कॅमेरा टेस्ट.

"संयोगिता कोण?"

"गिऱ्हाईक. पण आता पोरीवानी हाय."

मग त्यानं सांगितलं. अडीच वर्षांपूर्वी गगनबावड्याच्या एका देवळात हे लग्न लागलं. मुलगा यशराज, मुलगी दुसऱ्या जातीची. मुलाकडचं कुणी आलं नाही. चौदा माणसं, एक भटजी आणि पिराजी. नोंदणी करू म्हणता म्हणता राहून गेली. या जूनमध्ये घाटात यशराजची गाडी घसरली आणि तो गेला. तेराव्याच्या आत त्याच्या बापानं, विजयसिंहानं, सुनेला तान्ह्या मुलीसकट घराबाहेर काढलं. हिचं आमच्या मुलाशी लग्नच झालेलं नाही, ही आमच्याकडे कामाला होती, असं त्यानं कोर्टात लिहून दिलं. भटजी वारले होते. लग्नाला आलेले यशराजचे दोन मित्र आता म्हणत होते, आम्ही नुसते जेवायला गेलो होतो. तिला दिलेली कॉपी नवऱ्याच्या खोलीतल्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली सासऱ्याकडे.

"फोटो नाहीत?"

"मोबाइलवर हैत, हार घातल्याले. त्येंचा वकील म्हणतोय, हार वाढदिवसालाबी घालत्यात. सप्तपदी दाखवा. हारापास्नं सप्तपदीपतूर सलग पायजे, न्हाईतर म्हणणार जोडलंय कुठनं तरी. त्या पाच क्लिपात सगळं हाय. सप्तपदी अठरात हाय का विसात, ते काय आठवंना. मंगळवारी तारीख हाय."

"आणि कॅमेरा टेस्ट?"

तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागला. "त्ये आमचं घरचं हाय."

मला असं अर्धवट बोललेलं चालत नाही. मी विचारत राहिले. त्याची मुलगी प्रियदर्शनी सातव्या वर्षी डेंग्यूनं गेली, त्याला तीन वर्षं होऊन गेली होती. शाळेतले दोन-चार फोटो आहेत. पण जन्मभर दुसऱ्यांच्या मांडवात कॅमेरा घेऊन उभ्या राहिलेल्या या माणसानं स्वतःच्या घरात तो कधी चालू केला नव्हता. एकदाच केला. नवा कॅमेरा आला तेव्हा फोकस बघायला त्यानं तिला उंबऱ्यावर बसवलं आणि नऊ मिनिटं शूट केलं. तिचा आवाज तेवढाच. ती गेल्यापासून त्यानं ते उघडून बघितलेलं नव्हतं.

"बघवत न्हाय. पण हाय म्हणून म्हाईत असलं की बास वाटतंय."

"पिराजीभाऊ, नऊ मिनिटांची क्लिप आहे. पटकन निघेल. ही आधी घेऊ."

"न्हाय."

"अहो, दहा-अकरा मिनिटांचं काम. त्यानं काय फरक पडतोय?"

"ताई, माझी पोर गेली. ती काय येणार न्हाय. हिचं अजून व्हायचं हाय." आणि कागदावरच्या एक आकड्याभोवती त्यानं पेनानं गोल काढला.

शुक्रवारपर्यंत मी चांगल्या दोन डिस्कची पूर्ण नक्कल करून घेतली. त्याच जातीची एक जुनी डिस्क पुण्याहून मागवली, तिचं हेड काढून तिसरीला बसवलं. शनिवारी सकाळी अकराला पिराजी आला, बरोबर संयोगिता. चोवीस-पंचवीसची असेल. हातात बांगड्या नाहीत, गळ्यात मात्र मंगळसूत्र होतं. नवरा गेला तरी ते तिनं काढलेलं नव्हतं. काढलं तर सासऱ्याचंच खरं झालं असतं. मुलीला आईकडे ठेवून आली होती. माझ्या पाठीमागं कुणी उभं राहिलेलं मला खपत नाही, म्हणून दोघांना बाहेर बाकावर बसवलं आणि दार लोटून घेतलं.

डिस्क चालू केली. आवाज स्वच्छ होता. फायलींची यादी वाचायलाच पाऊण तास गेला, तेवढा वेळ ती एकदाही अडखळली नाही. कोणता तुकडा कुठं आहे ते सगळं समोर आलं. सोळा ते वीस कुठं आहेत ते दिसलं आणि कॅमेरा टेस्ट कुठं आहे तेही दिसलं. अगदी सुरुवातीलाच होती ती, चांगल्या जागेत, ओरखड्यापासून लांब.

इथं मी जे केलं ते मला कुणी करायला सांगितलेलं नव्हतं. मी कॅमेरा टेस्ट आधी घेतली.

का घेतली, याची पुष्कळ कारणं मी नंतर स्वतःला सांगितली. डिस्क चांगली चालली होती. ती जागा सोपी होती. तो माणूस स्वतःवर अन्याय करत होता आणि मला ते सहन होत नव्हतं. पण खरं सांगायचं तर, मला या कामातलं जास्त कळतं असं मला वाटलं. आणि संध्याकाळी सगळं हातात ठेवताना त्याचा चेहरा मला बघायचा होता. चांगुलपणाचीही हाव असते. माझ्यात ती आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

अकरा मिनिटं लागली. नीट आली का ते बघायला मी क्लिप लावली. उंबऱ्यावर एक पोर बसलेली. पुढचा एक दात पडलेला, परकराच्या टोकाशी चाळा चाललेला. कॅमेऱ्यामागून पिराजीचा आवाज आला, "शंभरापास्नं उलटं म्हण." शंभर, नव्याण्णव, अठ्ठ्याण्णव. एकोणनव्वदला अडली. "पप्पा, तुमाला तरी येतंय का?" आणि हसली. तो पण हसला आणि चित्र हललं. मी तिथंच बंद केलं.

मग सोळा घेतली. नऊ मिनिटांत आली. अंतरपाट, मंगलाष्टका, हार. सतरा घ्यायला दहा लागली. त्यात कन्यादान होतं. मग अठरा सुरू झाली. तिसऱ्या मिनिटाला डिस्कमधून टक असा आवाज आला. परत टक. मी वीज तोडली, पाच मिनिटं थांबले, परत दिली. टक, टक, टक. झाकण काढलं तेव्हा उसन्या हेडचं टोक वाकलेलं होतं आणि तबकडीवर करडी कडी उमटली होती. दुसरं हेड बसवूनही आता काही येणार नव्हतं. ज्या धातूवर ते सगळं लिहिलेलं होतं तोच खरवडून निघाला होता.

अठरातला जेवढा भाग आला तेवढा मी लावून बघितला. होम पेटलेला. भटजी हातानं खूण करतात. संयोगिता उठून उभी राहते, तिच्या शालूच्या पदराची गाठ यशराजच्या उपरण्याला. ती खाली बघते. समोर तांदळाच्या सात ढिगल्या मांडलेल्या दिसतात. तिथं चित्र थांबलं.

सप्तपदी अठरातच होती. त्या क्लिपला आणखी सहा-सात मिनिटं लागली असती, फार तर आठ. मी अकरा मिनिटं दुसरीकडं घालवली होती. कुणी म्हणेल, आधी घेतलं असतं तरी हेड तिथंच मोडलं नसतं कशावरून? कदाचित मोडलं असतं. मी हा कदाचित रोज घोकते. त्यानं काही होत नाही.

दार अजून लोटलेलं होतं. बाहेर दोघं बसलेली होती आणि आत काय झालं ते फक्त मला माहीत होतं. डिस्क मेली, एवढंच सांगितलं असतं तरी ते खोटं नव्हतं. फक्त मग प्रियदर्शनीची क्लिप कायमची लपवावी लागली असती. नाहीतर सांगावं लागलं असतं की सोळा-सतरा झाल्यावर ही घेतली आणि मग अठराला डिस्क गेली. पण ते कुणाला पटलं असतं? आमच्या जैनांत दशलक्षण पर्व संपलं की क्षमावाणीला सगळ्यांची क्षमा मागतात. मी दरवर्षी दोनशे जणांना मोबाइलवरून एकच मजकूर धाडते. या वर्षीही महिन्यापूर्वीच धाडला होता. ज्यांचं काहीच वाकडं केलेलं नाही त्यांची क्षमा मागणं फार सोपं असतं.

मी दार उघडलं आणि दोघांना आत बोलावलं. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. काय आलं, काय गेलं, आणि मी आधी काय घेतलं. अकरा मिनिटांचा आकडाही सांगितला. आवाज माझा नेहमीसारखाच कोरडा होता. मला त्याचीही लाज वाटली.

संयोगितानं विचारलं, "आल्यालं दावता?"

मी लावलं. हार घालताना यशराज वाकतच नव्हता, मुद्दाम मान ताठ करून उभा होता, आणि ती टाचा उंचावत होती. सगळे हसत होते. ती म्हणाली, "परत लावा." मी परत लावलं. मग सतरा. मग अठरातला तुकडा. चित्र थांबलं तरी ती पडद्याकडं बघत राहिली, पुढचं दिसेल असं वाटल्यासारखी.

पिराजी दाराशीच उभा होता. तीच त्याच्याकडं वळली. "मामा, तुमच्या पोरीचं आलं न्हवं? बरं झालं. एकीचं तरी आलं."

ती हे रागानं बोलली असती तर मला सोसलं असतं.

मी सोळा, सतरा आणि अठराचा तुकडा तिला दिला. प्रियदर्शनीची क्लिप वेगळ्या पेनड्राइव्हवर घालून पिराजीपुढं धरली. त्यानं हात पुढं केला, मग मागं घेतला.

"ताई, कागदावर लिवून दिल्यालं मी."

"हो."

"गोल काढल्याला."

"हो. चुकलं माझं."

"आता मी ह्ये कुठल्या तोंडानं बघू?" तो ओरडला नाही. मला वाटतं त्याला खरंच उत्तर हवं होतं. "ती म्हणत्या बरं झालं. पण माझी पोर दिसली की मला हिची सात पावलं दिसणार. ठेवा तुमच्याकडंच. हिचा निकाल लागला की यीन."

मंगळवारी मी कोर्टात गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं. विजयसिंहाच्या वकिलानं क्लिप बघितली आणि म्हणाला, उठून उभी राहिलेली दिसते, चाललेली दिसत नाही. आणखीही काही तो म्हणाला असेल. माझं लक्ष पिराजीकडं होतं. तो शपथ घेऊन पिंजऱ्यात उभा राहिला. वकिलानं विचारलं, आजवर किती लग्नं शूट केलीत? सातशेच्या वर. आणि त्यातल्या या एका लग्नाची सात पावलं तुमच्या लक्षात आहेत?

"हैत की. ती म्होरं येत हुती आन् मी कॅमेरा घिऊन मागं मागं सरकत हुतो. सात येळा सरकलोय."

"दाखवा."

पिराजीकडं दाखवायला काही नव्हतं. तो पिंजऱ्याच्या कठड्याला धरून उभा राहिला. विजयसिंह पहिल्या रांगेत बसला होता. तो घड्याळात बघत होता. मी शेवटच्या बाकावर होते आणि तिथून मला संयोगिताची फक्त पाठ दिसत होती.

तारखा पडताहेत. पुढची जानेवारीत आहे. संयोगिताचा वकील म्हणतो, जिद्द सोडू नका, इतर पुरावा गोळा करू. गगनबावड्याच्या देवळापाशी फुलं विकणाऱ्या धोंडुबाई म्हणून एक म्हाताऱ्या आहेत, त्यांना ते लग्न आठवतंय म्हणे. पिराजी तिला घेऊन दोनदा तिकडं जाऊन आला. माझ्याकडं तो येत नाही. रस्त्यात भेटला तर थांबतो, "बरं हाय न्हवं ताई?" एवढं विचारतो आणि जातो. मी अजून त्याच नियमानं कागद पुढं ठेवते आणि आता क्रम बदलत नाही, पण त्यानं त्या दोघांचं काही भलं होत नाही.

ती पेनड्राइव्ह माझ्याकडंच आहे. प्रियदर्शनी गेल्यानंतर तिचा आवाज ऐकलेलं माणूस एकच आहे, आणि ते तिचा बाप नाही, मी आहे.